गिटारची चकाकी उतरवताना: नेमकं किती खरवडायचं?

गिटारचं चकचकीत फिनिश काढायला निघालेल्या बहुतेकांना ते मुळात काढायची गरजच नसते. कुणाचा अंगठा नेकच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, मागे अडखळतो, हात घामेजला की सरकत नाही. कुणाला टॉपवर, म्हणजे समोरच्या फळीवर, पडलेला दिव्याचा झोत डोळ्यांत खुपतो. आणि कुणाला वाटतं की या जाड थराखाली लाकडाचा आवाज कोंडलाय. या तिन्ही तक्रारींवर उपाय वेगळे आहेत, आणि पहिल्या दोन तर फिनिश जागच्या जागी ठेवूनच मिटतात.

म्हणून कामाचे दोन भाग वेगळे ठेवू. एक, चकाकी मारणं, म्हणजे वरचा थर घासून मॅट करणं. दोन, फिनिश लाकडापर्यंत उतरवणं. पहिलं एका संध्याकाळी होतं आणि थोडं बिघडलं तर पुन्हा घासून सुधारता येतं. दुसऱ्याला नवं फिनिश वाळेपर्यंत काही आठवडे जातात, आणि एकदा लाकडाला हात घातला की माघार नाही.

आवाजासाठी टॉप उघडा करायचा विचार असेल तर थोडं थांबा. पोलादी तारांच्या गिटारचा स्प्रूस या लाकडाचा टॉप साधारण २.५ ते ३ मिलिमीटर जाड असतो, आणि लाइट गेजच्या (पातळ जाडीच्या) सहा तारा मिळून त्याला सुमारे ७० ते ७५ किलोच्या ओढीने खेचत असतात. फिनिश उतरवताना त्यासोबत लाकडाचाही थोडा थर जातोच. तो किती गेला हे मोजायला हातात काही नसतं, कळतं ते ब्रिजमागे (टॉपवर तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी) फुगवटा आल्यावर. जाड पॉलिएस्टर उतरवल्यावर टॉप थोडा हलका होतो हे खरं, पण आवाज चांगलाच होईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. नव्या तारा, नीट बसवलेलं हाडाचं सॅडल (ब्रिजवरची तारा टेकणारी पट्टी) आणि चांगलं सेटअप (तारांची उंची वगैरे जुळवणं) यांनी आवाजात पडणारा फरक जास्त भरवशाचा असतो. आधी ते करून पाहा.

आणि गिटार जुनी, नावाजलेल्या कंपनीची असेल, मूळ फिनिश टिकून असेल, तर घरी हात लावूच नका. मूळ फिनिश गेलेल्या जुन्या वाद्याची किंमत खूप उतरते, ओरखडे-तडे असलेल्या मूळ फिनिशची तेवढी उतरत नाही. नव्या गिटारची वॉरंटीही या कामाने जाण्याची शक्यता असते.

आधी ओळख: वर काय लावलंय?

साधारण चार प्रकार भेटतात. शेलॅक, म्हणजे लाखेचं पॉलिश, आजही अनेक हातबनावटीच्या क्लासिकल गिटारांवर असतं. नायट्रोसेल्युलोज लॅकर १९२० च्या दशकापासून गिटारांवर आलं. मार्टिन आणि गिब्सनच्या अनेक गिटारांवर आजही तेच असतं. पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर हे कारखान्यातल्या आजच्या बहुसंख्य गिटारांचे थर. टेलर १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अतिनील प्रकाशात कडक होणारं पॉलिएस्टर वापरते. त्यांचा नेहमीचा ग्लॉस थर सुमारे ०.१५ मिलिमीटरचा, २०१४ च्या ८०० मालिकेत तो सुमारे ०.०९ वर आणला. बऱ्याच स्वस्त गिटारांवर मात्र थर याहून कितीतरी जाड असतो.

ओळखायचं कसं? स्ट्रॅपचं बटण काढलं की त्याखाली जो वॉशरएवढा भाग उघडा पडतो, तिथे चाचणी घ्या. कान साफ करायच्या काडीवर स्पिरिटचा थेंब घेऊन अर्धा मिनिट टेकवा. चिकट झालं, काडीचा कापूस ओढला जायला लागला, तर शेलॅक. काही झालं नाही तर त्याच जागी लॅकर थिनर किंवा ॲसिटोन. थर मऊ पडला तर बहुतेक नायट्रो. दोन्हींना दाद दिली नाही तर पॉली वर्गातलं फिनिश समजा. ॲसिटोन बाइंडिंगवर, म्हणजे बॉडीच्या कडेच्या पट्टीवर, सांडू देऊ नका. प्लास्टिकचं बाइंडिंग त्याने विरघळतं.

ही चाचणी टाळून चालत नाही. नायट्रो स्क्रेपरखाली (खरवडायच्या पोलादी पातीखाली) पांढरी भुकटी होऊन सहज निघतं. पॉलिएस्टरच्या कडक, टोकदार कपच्या उडतात, आणि सँडपेपर त्याच्यावर थकतो. अंदाज चुकला तर तुम्ही नायट्रोवर फार जोर लावाल किंवा पॉलिएस्टरवर दिवसभर घासत बसाल.

दुसरी गोष्ट पाहायची ती साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाच्या, कडेला. टॉर्च लावून लाकडाची कापलेली कड बघा. वरच्या रेषा सरळ खालपर्यंत उतरताना दिसल्या तर टॉप अखंड लाकडाचा. मध्येच थर बदललेला दिसला तर प्लायवूड. प्लायवूडमध्ये वरचं दिखाऊ लाकूड जेमतेम अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतं. तिथे सँडपेपर थोडा जास्त फिरला की खालचा आडवा थर दिसायला लागतो, आणि तो डाग झाकायला नंतर रंगच द्यावा लागतो. बाजू आणि पाठ तर टॉप अखंड असतानाही अनेकदा प्लायवूडच्या असतात.

फक्त नेक: बहुतेकांचं काम इथेच संपतं

नेक चिकटतो याचं कारण अनेकदा फिनिश नसतंच, त्यावर साचलेला घाम, तेल आणि गिटार पॉलिशचा थर असतो. म्हणून आधी धुवा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, कापड घट्ट पिळून घ्यायचं, नेक पुसायचा, लगेच कोरड्या कापडाने कोरडा करायचा. मग नॅप्थाने, म्हणजे लायटरमध्ये भरतात त्या द्रवाने, एकदा पुसायचं. खिडकी उघडी आणि जवळपास ज्वाला नको. नॅप्था शेलॅक, नायट्रो किंवा पॉली कशालाच बाधत नाही. एवढ्यावर नेक मोकळा सरकायला लागला तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

तरीही अडत असेल तर तारा सैल करून बाजूला घ्या किंवा काढा. गिटार पालथी, अंगाखाली जाड टॉवेल, हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) अलीकडे नेकखाली आधार. फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावा. जिथे मॅट भाग संपणार तिथेही टेपची सरळ रेघ हवी: एक नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) जरा खाली, एक हीलचं, म्हणजे नेक बॉडीला मिळतो त्या जाड भागाचं, वळण सुरू होतं तिथे. टेपशिवाय घासलं तर चकाकी आणि मॅट यांच्यामधली सीमा कधीच सरळ येत नाही आणि ती कायम नजरेला टोचते.

आता ४-शून्य स्टील वूल किंवा राखाडी रंगाचं बारीक घासणीचं पॅड घ्या. १००० नंबरचा सँडपेपरही चालतो, पण तो वळणावर दुमडतो आणि त्याची कड रेघ पाडते. दिशा नेहमी नेकच्या लांबीची. गोल गोल फिरवायचं नाही, कारण मॅट फिनिश म्हणजे एकाच दिशेच्या बारीक ओरखड्यांची शेकडोंनी भरलेली रांग. एक जरी आडवा ओरखडा त्यात पडला तरी तो वेगळा चमकतो. हाताचा जोर नेकला हलकं धरण्याइतकाच. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग ओढ, मग थोडं बाजूला सरकून पुढची.

मध्ये मध्ये पुसून दिव्याला तिरकं धरून बघा. बऱ्याच पृष्ठभागावर दुधी छटा येते आणि मध्येच चमकणारे ठिपके राहतात. ते खोलगट ठिपके असतात. त्यांच्यामागे लागून त्याच जागी घासत बसू नका. त्या नादात आजूबाजूचा थर फुटतो आणि लाकूड उघडं पडतं. चार-दोन ठिपके राहिले तर राहू द्या, हाताला ते जाणवत नाहीत.

स्टील वूलबद्दल एक सावधगिरी. त्याचे केसाएवढे तुकडे झडतात. साउंडहोलमध्ये चुंबक असलेला पिकअप बसवला असेल तर ते त्याला चिकटून बसतात, म्हणून तो भाग प्लास्टिकने झाकून टेप लावा. आणि नंतर पाण्यावर आधारित फिनिश द्यायचं असेल तर स्टील वूल वापरूच नका. राहिलेले तुकडे गंजून तपकिरी ठिपके पाडतात. पॅड वापरा, प्रश्नच मिटतो.

काही महिन्यांनी हाताच्या घर्षणाने नेक पुन्हा थोडा चमकायला लागेल. पाच मिनिटांचं काम आहे, पुन्हा करा.

बॉडी मॅट करायची असेल तर

तत्त्व तेच, पण सपाट भाग मोठा असल्याने प्रत्येक चूक दिसते. ब्रिजच्या भोवतीची अरुंद जागा आणि कडा ही दोन ठिकाणं अवघड. कडेवर फिनिश मुळातच पातळ असतं, कारण कारखान्यात बफिंग करताना तिथला थर आधीच झिजलेला असतो. म्हणून बाइंडिंगच्या कडेला टेप लावून ठेवा, मधला सगळा भाग पूर्ण करा, आणि शेवटी टेप काढून कडेवर पॅड फक्त दोन-तीनदा फिरवा.

टॉपवर रेषांच्या दिशेने, म्हणजे नेकपासून खालच्या टोकाकडे. ब्रिज मध्ये येतो, त्यामुळे ओढ तिथे तुटते आणि हात नकळत आडवा फिरतो. पॅड बोटाएवढ्या पट्टीवर गुंडाळून ब्रिजला समांतर न नेता, ब्रिजपासून सुरू करून बाहेर ओढा. पाणी लावून घासायचा मोह टाळा. स्क्रूच्या भोकांतून आणि ब्रिजच्या पिनांच्या भोकांतून पाणी उघड्या लाकडात शिरलं की भोकाभोवतीचं लाकूड फुगतं आणि फिनिशला तिथे तडे जातात.

पिकगार्ड, म्हणजे टॉपला ओरखड्यांपासून वाचवणारा पत्रा, जागेवर राहू द्या. तो काढलात तर खाली फिकट लाकडाचा आकार निघेल, कारण बाकीचा टॉप उजेडाने पिवळसर झालेला असतो.

लाकडापर्यंत जायचं ठरलंच तर

फिनिश ठिकठिकाणी उचकटलंय, कुणी आधी वाईट रंग दिलाय, किंवा साध्या गिटारवर हात बसवायचाय, तर ही कारणं पुरेशी आहेत. सनबर्स्ट रंगाची (मध्ये फिकट, कडेला गडद) गिटार असेल तर लक्षात ठेवा, तो रंग सहसा फिनिशच्या थरात असतो. फिनिश गेलं की रंगही गेला. गडद नेकवरही अनेकदा रंगीत लॅकरच असतं आणि त्याखाली दोन-तीन तुकड्यांचं न जुळणारं लाकूड निघू शकतं. हेडस्टॉकवरचं नाव स्टिकर असेल तर तेही फिनिशखाली असतं. हेडस्टॉकचा पुढचा भाग सोडून द्या. साउंडहोलभोवतीची नक्षी स्वस्त गिटारांवर चिकटवलेलं चित्र असते, ती लाकडापर्यंत जाताना निघून जाते.

तयारी: तारा, खुंट्या, स्ट्रॅपची बटणं, सॅडल, ट्रस रॉडचं झाकण, सगळं काढा. पुठ्ठ्यावर गिटारचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. तारांची ओढ गेल्यावर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, नेकला उलट दिशेने वाकवत राहतो, म्हणून गिटार काही आठवडे बिनतारांची राहणार असेल तर रॉड थोडा सैल करा. साउंडहोलच्या आत त्याहून मोठी पुठ्ठ्याची चकती टेपने लावा, म्हणजे धूळ आत जाणार नाही. ब्रिज काढू नका. तो टॉपला डिंकाने बसवलेला असतो आणि काढायला उष्णता लागते. ते काम कारागिराचं. त्याला दोन-तीन थर टेप लावा आणि त्याच्या पायथ्याशी जुन्या फिनिशची बारीक रेघ राहिली तर मान्य करा.

मास्क साधा नको, बारीक धुळीचा हवा. पॉलीची धूळ छातीत बसते, रोजवूडच्या धुळीने अनेकांना त्वचेची आणि श्वासाची ॲलर्जी होते. नायट्रोची धूळ पटकन पेट घेते, तिचा ढीग साचू देऊ नका.

रासायनिक रिमूव्हर मी गिटारवर सुचवणार नाही. ते बाइंडिंग वितळवतं, जोडांमध्ये शिरतं, आणि लाकडात राहिलेला अंश नव्या फिनिशला वाळू देत नाही. मिथिलीन क्लोराइड असलेले रिमूव्हर तर बंद खोलीत जीव घेऊ शकतात. युरोपात २०१२ पासून आणि अमेरिकेत २०१९ पासून सामान्य ग्राहकांना ते विकायला बंदी आहे. हीट गनने पॉलिएस्टर पापुद्र्यांनी उचलतं हे खरं, पण आतल्या ब्रेसचा (टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्यांचा) आणि ब्रिजचा डिंकही ६०-७० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतो. टॉपवर हीट गन नकोच.

राहतं ते स्क्रेपर, आणि माझ्या मते गिटारसाठी याहून चांगलं हत्यार नाही. ही नुसती आयताकृती पोलादी पात असते. कड कानसीने सरळ करायची, धारेच्या दगडावर गुळगुळीत करायची, आणि मग कडक पोलादी सळईने दाबून त्या कडेला केसभर वळण द्यायचं. कापतं ते हे वळण. गिटारसाठी ०.४ ते ०.५ मिलिमीटरची पातळ पात घ्या, ती अंगठ्यांनी वाकवता येते. चारही कोपरे आधी गोल करून टाका, नाहीतर ते लाकडात रुततात.

पात दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी मधून किंचित वाकवा, पुढे झुकवा आणि ढकला. कोन बरोबर बसला की पात आपोआप पकडते. आधी पांढरी भुकटी निघते, फिनिशची. खाली पोचलात की तिचा रंग बदलतो आणि पातीवर कांद्याच्या पापुद्र्यासारखा मऊ, मलईच्या रंगाचा वळा येतो. तो लाकडाचा. वळा दिसला की त्या जागी थांबा आणि शेजारी सरका. भुकटीऐवजी पात नुसती घसरत असेल तर धार गेली आहे. जोर वाढवू नका, कड पुन्हा वळवा.

कुठे काही राहिलंय का, हे नॅप्थाने पुसून कळतं. उघडं लाकूड एकसारखं गडद होतं, राहिलेलं फिनिश चमकतं. एक गोष्ट आवर्जून सांगतो: टॉपवर शेवटच्या पुसट थराचा हट्ट सोडा. लाकडाच्या छिद्रांत शिरलेला सीलरचा (फिनिशखालच्या पहिल्या थराचा) अंश आत राहिला तर फायद्याचंच आहे, नवं फिनिश त्यावर कमी शोषलं जातं आणि तुमच्या टॉपची जाडी वाचते.

यानंतर सँडपेपर, २२० आणि मग ३२०, नेहमी कॉर्कच्या ठोकळ्यावर. स्प्रूसमध्ये मऊ आणि कडक रेषा आलटून पालटून असतात. बोटांनी घासलं की मऊ रेषा खोल जातात, कडक वर राहतात, आणि नवं फिनिश दिल्यावर सगळा टॉप लाटांनी भरलेला दिसतो. कमरेच्या वळणाला ठोकळ्याऐवजी जाड फेल्ट वापरा. यंत्र टॉपवर फिरवू नका. प्लायवूड असेल तर स्क्रेपरवरच थांबा, ३२० चे हलके दोन हात पुरे.

लाकूड उघडं ठेवू नका

उघडं लाकूड हवेतली ओल पटकन घेतं आणि सोडतं, हाताचा घामही शोषतं. एक-दोन दिवसांत पहिला थर द्या. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम.

नेकसाठी पुसून लावायचं तेल-वार्निश मिश्रण मला सर्वांत आवडतं. कापडाने पातळ चोळा, दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा, दिवसभर वाळू द्या, ३-५ थर. हाताला लाकूडच लागतं आणि घामापासून बचावही होतो. तेलाची कापडं चुरगाळून टाकू नका. वाळताना तेल उष्णता सोडतं आणि ढिगात ती कापडं आपोआप पेटतात. मोकळ्या हवेत एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

टॉपवर मात्र तेल नको. स्प्रूस ते पिऊन घेतं, जड होतं आणि मळकट दिसतं. इथे शेलॅक. मेण काढलेले पापुद्रे लिटरभर स्पिरिटला सुमारे १२० ग्रॅम या प्रमाणात भिजवा, दुसऱ्या दिवशी गाळून घ्या. ताजंच वापरा, महिनोन्‌महिने ठेवलेलं द्रावण नीट कडक होत नाही. कापसाचा गोळा सुती कापडात गुंडाळून, ओला पण न गळणारा, रेषांच्या दिशेने फिरवा. काही मिनिटांत थर हाताला कोरडा लागतो. तीन-चार थरांनंतर थांबा, रात्रभर ठेवा, ४०० नंबरने हलका हात फिरवा, पुन्हा थर. दोन आठवडे वाळल्यावर बारीक पॅड आणि थोडं मेण लावलं की हवी तशी मंद, रेशमी झळाळी येते. शेलॅकला स्पिरिट आणि गरम घाम सोसत नाही. ज्यांचा उजवा हात टॉपवर टेकतो आणि घामेजतो, त्यांनी शेलॅकच्या दोन थरांवर पुसून लावायचं सॅटिन वार्निश द्यावं.

खुंट्या परत बसवताना भोकांत जमलेलं फिनिश चाकूच्या टोकाने आधी साफ करा, नाहीतर खुंटी आत जाताना कडेचा थर उचकटते. नवं फिनिश मुरेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, गिटार रबर किंवा फोम लावलेल्या स्टँडवर ठेवू नका. रबर कोवळ्या फिनिशला चिकटतं आणि नायट्रोला तर कायमचा डाग पाडतं. तारा एकदम पूर्ण सुरात न नेता आधी निम्म्या ओढीवर, दुसऱ्या दिवशी सुरात आणा. मग पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर तार दाबून सातव्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते बघा, आणि सैल केलेला ट्रस रॉड त्यानुसार पाव-पाव फेऱ्याने घट्ट करा.